खानापूरच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर : लघवी गळणे आणि गर्भपिशवीचे ऑपरेशन

सप्रेम नमस्कार.

महिलांच्या लघवीच्या तक्रारींवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. इतर वाचकांसाठी तिचा आशय आधी थोडक्यात देते. आपल्या आईंचे अंग पूर्ण बाहेर येत होते. गर्भपिशवी काढल्यापासून त्या ठणठणीत आहेत. आपल्या पत्नींचे वय ३६ आहे. खोकताना आणि ओझे उचलताना त्यांची लघवी गळते, अंगावरून पांढरे जाते. एका डॉक्टरांनी पिशवी काढण्याचा सल्ला दिला, तारीखही ठरली, आणि माझा लेख वाचून पत्नींनी ऐनवेळी नकार दिला. व्यायाम आणि योनीत बसवायची रिंग हे शहरातल्या सवडीच्या बायकांचे उपाय आहेत, भातलावणी करणाऱ्या बाईला एकदाच काय तो निकाल लागलेला हवा असतो, आणि असल्या विषयावर उघडपणे लिहून मी बायकांच्या मनात भीती भरते, असे आपले म्हणणे आहे.

घरातले माणूस दुखण्याने हैराण असताना ठरलेला उपचार लांबणीवर पडला की चीड येणे स्वाभाविक आहे. तरीही आपल्या पत्नींनी घाई न करता दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे, असेच मी आजही सांगेन. मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यांना न तपासता मी निदान सांगणार नाही. परंतु आपल्या प्रतिक्रियेत आईंचा आजार आणि पत्नींचा आजार एकच धरला गेला आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय या तिन्हींचा भार ती पेलते. अवघड बाळंतपणे, बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न मिळता पुन्हा डोक्यावर चढलेले गवताचे भारे, चुलीच्या धुराने जडलेला जुना खोकला, बद्धकोष्ठता आणि पाळी गेल्यानंतर पातळ होत जाणाऱ्या ऊती यांमुळे ही झोळी सैल पडते. ती इतकी सैल झाली की गर्भाशयच खाली उतरून बाहेर दिसू लागते, तेव्हा उतारवयातील स्त्रीला ऑपरेशन हा योग्य उपाय असू शकतो. आपल्या आईंना त्याचा गुण आला याचा मला आनंद आहे, आणि अशा ऑपरेशनला माझा कधीच विरोध नव्हता. मात्र त्यांनी यापुढेही जड ओझे उचलू नये आणि शौचाला कुंथू नये, कारण पिशवी काढली तरी तिथला आधार ढिलाच असेल, तर योनीचा वरचा भाग पुढे कधीतरी खाली येऊ शकतो.

खोकताना लघवी गळणे ही मात्र वेगळी तक्रार आहे. मूत्राशयाचे तोंड आणि मूत्रमार्ग यांना खालून मिळणारा आधार कमी पडतो, पोटातला दाब एकदम वाढतो आणि लघवी सुटते. या घटनाक्रमात गर्भाशयाचा संबंध येत नाही. म्हणून केवळ लघवी गळते या कारणासाठी गर्भपिशवी काढून गळणे थांबत नाही. उलट, पिशवी काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढील वर्षांत ही तक्रार काहीशी अधिक आढळते. पांढरे जाण्याचेही तसेच आहे. ते कधी नैसर्गिक असते, कधी जंतुसंसर्गाने किंवा बुरशीने होते, आणि तपासणी करून दिलेल्या औषधाने बहुधा बरे होते. ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य आपल्या भागातील कितीतरी स्त्रियांनी ऐकलेले आहे. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी करावी लागते, ती साधी असते आणि सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी तिची तरतूद आहे. शंकेपोटी अवयव काढून टाकणे हा तिचा पर्याय होऊ शकत नाही. आणि छत्तिसाव्या वर्षी पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही गेले, तर पाळी जाण्याची सगळी लक्षणे एका रात्रीत सुरू होतात. हाडांची झीज आणि हृदयविकाराचा धोका लवकर मागे लागतो.

आता ही झोळी आवळण्याच्या व्यायामाविषयी. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामांवर लिहिले, तेव्हापासून त्यांची पुष्कळ तपासणी झाली आहे. जगभरातील वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१८ मधील आढाव्यात, खोकताना-शिंकताना लघवी गळणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम केलेल्या ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. मात्र तो नीट शिकून घ्यावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी पहिल्यांदा पोट आत ओढतात, मांड्या आवळतात आणि श्वास रोखून धरतात. काही जणी तर वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने त्रास वाढतो. मी त्यांना उताणे झोपवून गुडघे दुमडायला सांगते, त्यांचाच तळहात त्यांच्या पोटावर ठेवते आणि म्हणते, ‘चारचौघांत बसलेले असताना वारा अडवता, तसे मागून आवळा आणि तेच आवळणे पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा, पण हाताखालचे पोट घट्ट होऊ देऊ नका, श्वास चालू ठेवा.’ बरोबर जमले की बाईच्या चेहऱ्यावर ते लगेच उमटते. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करायचे असते. लघवी करताना मध्येच धार थांबवून पाहण्याची सवय मात्र लावू नये, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही.

यासाठी सवड लागते हा आपला आक्षेप मला पटत नाही. शिकून झाल्यावर हा व्यायाम बांधावर बसून, बसची वाट पाहताना, भाकरी थापताना करता येतो आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंनाही कळत नाही. घागर किंवा भारा उचलण्याआधी, शिंक येण्याआधी आवळून घेण्याची सवय लागली, तर काही जणींना फरक तीन महिन्यांच्या आतच जाणवतो. उलट, पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर कित्येक आठवडे ओझे उचलता येत नाही. लावणीच्या हंगामात ही सवड कोणत्या घरात आहे, याचा आपणच विचार करावा. लठ्ठपणा असेल तर वजन थोडे उतरवल्यानेही गळणे बरेच कमी होते. एवढे करूनही गळणे थांबले नाही, तर त्यासाठी वेगळी ऑपरेशने आहेत, आणि त्यांत गर्भपिशवी काढावी लागत नाही.

आपल्या पत्नींना बहुधा रिंगची गरज पडणार नाही. ती प्रामुख्याने अंग बाहेर येण्यावरचा उपाय आहे. सिलिकॉनची ही मऊ कडी दुमडून आत बसवतात, ती आत उघडते आणि गर्भाशयाला आधार देते. अनेक स्त्रिया ती स्वतः काढून, धुऊन पुन्हा बसवायला शिकतात. ज्यांना जमत नाही त्यांना काही महिन्यांनी दवाखान्यात जावे लागते. हे काम खेड्यातल्या नर्सबाईंना झेपणार नाही असे आपण लिहिले आहे, त्यावर आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने जिल्ह्यातील खेड्यांत झालेला एक अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात उपकेंद्राच्या नर्सनी १,६२० बाळंतिणींची काळजी घेतली होती. गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या मिळालेल्या स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के होते, न मिळालेल्यांमध्ये १२ टक्के. अशा पुराव्यांच्या आधारे पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध या कारणासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ज्या नर्सनी हे करून दाखवले, त्यांना रिंग काढून धुणे शिकवता येईल. प्रश्न शिकवण्याच्या इच्छेचा आहे.

तरुण स्त्रीचे अंग बाहेर येत असले तरीसुद्धा पिशवी काढणे हाच मार्ग नसतो. गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल शिरोडकर यांनी गर्भाशयाला पट्टीचा आधार देऊन मागे मणक्याकडे टांगण्याची पद्धत रूढ केली; पोटाच्या पुढच्या भिंतीला गर्भाशयमुख बांधण्याची पद्धत डॉ. पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाते. पिशवी जपून उपचार करण्याचा विचार मुंबईच्या ऑपरेशन थिएटरांत आपल्याच माणसांनी कित्येक दशकांपूर्वी केला होता.

मी भीती घालते, असे आपण म्हणता. आपल्या साखर कारखान्यांना ऊस तोडून देणाऱ्या टोळ्यांत बीडच्या स्त्रियाही असतात. बीडमधील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या तरुण वयातच पिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या आणि महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या कर्नाटकात कलबुर्गी भागातील लंबाणी (बंजारा) स्त्रियांबाबतही तशाच तक्रारी झाल्या होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील गर्भपिशवी काढण्याच्या दर तीन ऑपरेशनांपैकी सुमारे दोन खासगी दवाखान्यांत होतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना अनावश्यक ऑपरेशने रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. हे सर्व उघड नोंदीत आहे. ते वाचून एखादी बाई डॉक्टरांना ‘का?’ असे विचारत असेल, तर ते मला भीतीचे लक्षण वाटत नाही.

हे उघडपणे का लिहावे, याचे उत्तर मला रोज समोर दिसते. बेळगावला यायचे म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेल्या बायका माझ्यासमोर बसतात. पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट होते, मूत्राशयाची आग वाढते, संसर्गाला वाव मिळतो आणि वरचेवर जावे लागते; म्हणजे ज्या भीतीने पाणी टाळले तीच खरी होते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणे सोडलेल्या, लग्नकार्यात मागच्या रांगेत दाराजवळ बसणाऱ्या, कपड्याला वास येईल म्हणून नातवंडाला मांडीवर न घेणाऱ्या बायका हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात आणि शेवटी समोर येईल त्या कागदावर सही करतात.

आपल्या पत्नींना माझा निरोप सांगावा. त्यांनी तीन दिवस किती पाणी प्यायले, किती वेळा लघवीला गेल्या, कधी आणि काय करताना गळली, हे एका कागदावर लिहून ठेवावे आणि तो कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. लघवीची आणि साखरेची तपासणी करून घ्यावी. लघवीतून रक्त जात असेल, पाळीव्यतिरिक्त अंगावरून रक्त जात असेल, किंवा दिवसरात्र सतत लघवी ठिबकत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये. तपासणीनंतर पिशवी काढणेच आवश्यक आहे असे दुसऱ्या डॉक्टरांनीही सांगितले, तर ते नेमके कशासाठी, त्याने लघवी गळणे थांबेल का, अंडाशय ठेवणार की काढणार, हे त्यांनी स्वतः विचारावे, आणि संमतिपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर ते मराठीतून पूर्ण समजावून घेतल्यानंतरच त्यावर सही करावी.