आजारी आमदाराचे मत आणि सभागृहातली चर्चा

जून २०२२ मध्ये आधी राज्यसभेच्या आणि मग विधान परिषदेच्या निवडणुकीसाठी पुण्याच्या आमदार मुक्ता टिळक आणि चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप यांना रुग्णवाहिकेतून मुंबईला विधानभवनात आणले गेले. दोघेही गंभीर आजारी होते. टिळक त्याच वर्षी २२ डिसेंबरला गेल्या, जगताप ३ जानेवारी २०२३ रोजी. त्यांच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण खंगलेल्या माणसाला महामार्गावरून एवढ्या लांब आणल्याशिवाय त्याचे मत मोजताच येत नाही, ही व्यवस्था मला तेव्हाही क्रूर वाटली आणि आजही वाटते.

ती निवडणूक होती, पण विधेयकावरच्या मतदानातही काही वेगळे घडत नाही. ७ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीच्या सेवाविषयक, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्यांवर नियंत्रण कोणाचे हे ठरवणाऱ्या, विधेयकावर मत देण्यासाठी नव्वद वर्षांचे मनमोहन सिंग व्हीलचेअरवरून राज्यसभेत आले होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० नुसार निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतो, आणि ‘उपस्थित’ म्हणजे देहाने हजर, असाच अर्थ आपण आजवर घेत आलो आहोत.

ब्रिटनच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, हाउस ऑफ कॉमन्सने, कोरोनाच्या साथीत मे २०२० मध्ये सदस्यांना घरून मत देण्याची सोय करून दाखवली होती. सरकारने ती महिनाभरातच मोडीत काढली आणि २ जूनला खासदार एकमेकांपासून अंतर राखत वेस्टमिन्स्टर हॉलमधून लांबच लांब रांगेने मत द्यायला गेले. त्या दिवशीचा विषयच सभागृहाने पुढे कसे चालावे हा होता, आणि ज्यांना प्रकृतीमुळे घराबाहेर पडणे धोक्याचे होते, नेमके तेच त्यावर मत देऊ शकले नाहीत. आजारी सदस्यांच्या वतीने दुसऱ्या सदस्याने मत देण्याची मुभा नंतर मिळाली, पण आधी हा अन्याय होऊन गेला.

मात्र दुरून भाग घेण्याची जी सवलत मताला द्यावी तीच चर्चेलाही द्यावी, असे कोणी म्हणू लागले तर मी त्याला ठाम विरोध करीन. काही वर्षांपूर्वी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात प्रेक्षक गॅलरीत बसून मी एक लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधून उत्तर मागणारी सूचना, ऐकली होती. मंत्र्यांनी छापील निवेदन वाचले, तोवर सगळे सुरळीत होते. मग मागच्या बाकावरून सत्ताधारी पक्षाचाच एक आमदार उठला आणि म्हणाला, ‘‘अध्यक्ष महोदय, हे काम कागदावर पूर्ण आहे, जागेवर नाही.’’ अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी आली. मंत्र्यांनी ती वाचली, मागे वळून अधिकाऱ्याकडे पाहिले, पुन्हा वाचली, आणि अखेर चौकशी करायचे मान्य केले. त्या आमदाराचे नाव सूचनेत नव्हते. समोर चाललेले ऐकून त्याला राहवले नाही, एवढेच.

साथीच्या काळात कॉमन्समध्ये काही सदस्य घरून पडद्यावरून बोलत, त्या चर्चेत हेच हरवले होते. सभागृहात जास्तीत जास्त पन्नास सदस्य, पडद्यावर एकशेवीसपर्यंत, आणि वक्त्यांची यादी आधीच ठरलेली. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून ‘‘या आकड्याचा आधार काय?’’ असे विचारण्याची सोय उरली नाही, त्यामुळे एकामागून एक भाषणे झाली, पण एकाचे म्हणणे दुसऱ्याला क्वचितच भिडले. आपल्याकडे सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात खासदारांना दोन्ही सभागृहांत आणि गॅलऱ्यांमध्ये विखरून बसवले गेले; ती खबरदारी मला पटली होती. पण त्याच अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला, आणि सदस्य दिल्लीत हजर असूनही मंत्र्याला उभे करून पुरवणी प्रश्न विचारण्याचा त्यांचा हक्क गेला, याचे मला अजून वाईट वाटते.

समित्यांचे काम मात्र निराळे आहे. त्या काळात संसदीय समित्यांच्या बैठका ऑनलाइन घेण्याची मागणी काही समिती-अध्यक्षांनी केली होती. बैठका गोपनीय असतात, या कारणाने ती मान्य झाली नाही. सदस्यांच्या आपसातल्या विचारविनिमयापुरते ते कारण मी समजू शकतो. पण साक्षीला बोलावलेल्या माणसाचे काय? गडचिरोलीतल्या आशा सेविकेला औषधांच्या तुटवड्याबद्दल विधिमंडळाच्या समितीपुढे सांगायचे असेल, तर तिने दोन दिवसांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी का सोसावी? तिच्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातला पडदा पुरेसा आहे. प्रश्न विचारणारे आमदार तेवढे विधानभवनात एका टेबलाभोवती बसलेले हवेत.