आजी, घट्ट धरा, पण गळा दाबू नका

आज १४ एप्रिल. आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप सकाळपासून जागा. अग्निशमन सेवा दिनही आजच, म्हणून बंबाचे फोटो, सॅल्यूट, जोडलेले हात यांचा नुसता पाऊस. मी आपलं एक वाक्य टाकलं, की सॅल्यूट पुरे झाले, आता कायदा करून यांना जादा वेतन द्या. तर दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं लगेच उत्तर: "दिवसभर कॅरम तर खेळतात. जादा कशाचं?"

चहा तसाच गार झाला. म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मध्यंतरी रात्री अडीचला आमच्या इमारतीच्या मीटर रूमला आग लागली. ज्वाळा फारशा नव्हत्या, पण जळक्या वायरींचा धूर जिन्यात असा भरला की स्वतःचा हात दिसेना. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, वजन ८५ किलो (त्या ही पोस्ट वाचणार आहेत, तरी लिहितेय). एक जवान वर आला, खाली बसून त्याने पाठ दिली आणि मास्कच्या आतून म्हणाला, "आजी, घट्ट धरा, पण गळा दाबू नका." पाच मजले! खाली त्याने मास्क काढला तेव्हा मानेवर सासूबाईंच्या नखांचे ओरखडे होते, चांगलं रक्त आलेलं. तो घोटभर पाणी प्यायला आणि पुन्हा वर गेला.

तर हो, खेळतात कॅरम. मी पाहिलाय त्यांचा, कडा झिजलेला. आगीची वर्दी येईपर्यंत माणसाने करायचं काय, भिंतीकडे बघत बसायचं? पगार कॅरमचा नसतोच. सोंगटी हातात असताना वर्दी आली की ती टाकून पळायचं, त्या पळण्याचा असतो.

१९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात भरलेली. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण स्फोटांत गेले. आपले सकाळचे सॅल्यूट त्यांच्या नावाने चाललेत, हे किती जणांना माहीत होतं? ते जुनं झालं म्हणाल, तर मे २०१५ मधली काळबादेवीची आग आठवा. खुद्द प्रमुख अग्निशमन अधिकाऱ्यांसह चार अधिकारी गेले. लांब उभं राहून हुकूम सोडता आले असते की त्यांना.

ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, कायदाच कशाला, पालिका देईल ना भत्ता. ताई, अडचण तिथेच आहे. पोलीस राज्याचे, पण शहरातला बंब पालिकेचा. घटनेच्या बाराव्या अनुसूचीतच, म्हणजे पालिकांच्या कामांच्या यादीतच, अग्निशमन सेवा आहे. म्हणजे धूर सगळीकडे सारखाच काळा, पण त्यात शिरायचं मोल ज्या त्या पालिकेच्या तिजोरीवर. ठरावाने आलेला भत्ता ठरावाने जातोही. शिवाय पेन्शनचा हिशेब मूळ पगार धरून होतो, जोखमीचा भत्ता त्यात येत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं काम थेट कर्करोगकारक ठरवलं, तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. तो धूर छातीत घेऊन माणूस घरी बसतो तेव्हा भत्ता बंद आणि खोकला चालू. म्हणून म्हणतेय, मूळ वेतनात घाला आणि कायद्याने घाला.

पालिकांकडे पैसा नाही, मान्य. गटारात उतरणाऱ्यांनाही मिळायला हवं, तेही मान्य, आधी मान्य. पण सगळ्यांना देता येत नाही म्हणून कुणालाच नको, हे आपल्याला नेमकं दुसऱ्याच्या पगाराच्या वेळी सुचतं!

आणि ते कॅरमवाले गृहस्थ. त्या रात्री खिडकीतून टॉर्च हलवत "अहो, लवकर या, लवकर या" ओरडत होते. तेव्हा नाही विचारलं, येताना डाव पूर्ण केलात का म्हणून. लिहू नये असं, पण लिहिलं.

जाऊ दे. त्या रात्री गाळण सगळ्यांचीच उडाली होती. त्याने सासूबाईंना पाठीवर घेतलं आणि मी ओढणी तोंडाला लावून जी धावत सुटले, ती त्यांच्या आधी खाली पोचले. मागे वळूनही बघितलं नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नाही. आता वाचतीलच.

त्या मात्र तेव्हापासून दर रविवारी न चुकता नखं कापतात. एवढं लिहून झाल्यावर त्यांना सगळं वाचून दाखवलं. माझ्या धावण्याबद्दल काही बोलल्या नाहीत. आज रविवार नाही, तरी म्हणाल्या, "नेलकटर दे जरा."