लढाई मी जिंकले होते

आधीच सांगते, स्पॉयलर आहेत आणि भरपूर आहेत. मास इफेक्ट ३, फॉलआउट ३, पर्सोना ५ किंवा फायनल फँटसीचे जुने-नवे भाग हे व्हिडिओ गेम ज्यांना अजून खेळायचे आहेत त्यांनी पोस्ट सेव्ह करून ठेवा, नंतर वाचा. विषय हा, की कथेतला भावनिक क्षण गेम स्वतःच कसा मोडतो.

मास इफेक्ट ३ (२०१२) मधलं थेसिया आठवा. लियाराचा ग्रह जळतोय. पहिल्या भागापासून सोबत असलेली लियारा शेजारी उभी आहे, तिची माणसं तिच्या डोळ्यांदेखत मरतायत आणि सगळ्यांना वाचवू शकेल अशी माहिती एका मंदिरात आहे. तिथे काई लेंग हा शत्रू आडवा येतो. लढाई होते. तो मधूनमधून गुडघ्यावर बसून शील्ड भरून घेतो, तेवढ्या वेळात त्याची गनशिप आपल्यावर गोळ्या झाडते, तरीही आपण त्याला लोळवतो. मग कटसीन (खेळ थांबवून फक्त बघायचा, सिनेमासारखा प्रसंग) सुरू होतो आणि कटसीनमध्ये आपण हरलेलो असतो. गनशिप मंदिर फोडते, जमीन खचते, शेपर्ड, म्हणजे आपण खेळतो ती नायिका, कशीबशी जीव वाचवते आणि काई लेंग माहिती घेऊन पसार होतो. नंतर खिजवणारा ईमेल पाठवतो तो वेगळाच.

त्या क्षणी मला लियारासाठी तुटायला हवं होतं. प्रसंग तसा बांधलेला आहे, तिचा आवाज, तिचा चेहरा, सगळं जागेवर आहे. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: लढाई मी जिंकले होते! पुढे शेपर्ड स्वतःला दोष देते, बाकीचे तिची समजूत घालतात आणि मी मात्र त्या दुःखाच्या बाहेर उभी. कारण ती चूक माझ्या हातून झालीच नव्हती, लेखकाने ती माझ्या नावावर टाकली होती.

आरपीजीमध्ये (एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या कथाप्रधान गेममध्ये) तंद्री कशाने मोडते असं विचारलं की बरेच जण ओठ संवादाशी जुळत नाहीत, चेहरे लाकडी वाटतात, एनपीसी (गेम स्वतः चालवतो ती पात्रं) भिंतीत घुसतात वगैरे सांगतात. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. नव्वदच्या दशकातल्या इवल्याशा पिक्सेलच्या बाहुल्यांनी मला ढसाढसा रडवलंय, त्यांना तर धड चेहरेही नव्हते. माझा रसभंग होतो तो गेम आपला शब्द फिरवतो तेव्हा. कित्येक तास तो आपल्या हातांना नियम शिकवत असतो: या औषधाने जखम भरते, या जादूने पडलेला साथीदार उठतो, हा गडी रेडिएशनला दाद देत नाही. त्या जगाबद्दल आपल्याला जे काही कळलेलं असतं ते या नियमांतूनच कळलेलं असतं. आणि नेमकं डोळ्यांत पाणी यायच्या वेळी गेम म्हणतो, ते सगळं विसर, आता फक्त बघ.

याचं सगळ्यात उघडं उदाहरण म्हणजे फॉलआउट ३ (२००८). शेवटी शुद्ध पाण्याचा प्रकल्प चालू करायला कुणीतरी रेडिएशनने भरलेल्या खोलीत जाऊन कोड टाकायचा आहे. जो जाईल तो मरेल. आपल्या वडिलांनी याच ठिकाणी जीव दिलेला असतो, त्यामुळे वर्तुळ पूर्ण होण्याची कल्पना मुळात चांगली आहे. पण शेजारी फॉक्स उभा असतो. आपला साथीदार, सुपर म्युटंट म्हणजे प्रयोगातून बदललेला धिप्पाड माणूस, रेडिएशनचा त्याच्यावर काडीचा परिणाम होत नाही. हे आपल्याला ठाऊक असतं, कारण आधी व्हॉल्ट ८७ या भूमिगत आसऱ्यामध्ये अशाच रेडिएशनच्या खोलीत जाऊन त्याने आपल्याला हवी ती वस्तू आणून दिलेली असते. त्याला शेवटी विनंती केली तर तो सांगतो की हे तुझं नशीब आहे, मी त्याच्या आड येणार नाही. मित्र म्हणवणारा माणूस असं बोलेल? २००९ च्या ब्रोकन स्टील या डीएलसीत (नंतर वेगळ्या आलेल्या जोडभागात) त्याला आत पाठवण्याची सोय झाली, म्हणजे लोकांचं म्हणणं पोचलं. पण पहिल्यांदा खेळताना ज्यांचा त्या बलिदानावरचा विश्वास उडाला त्यांना तो परत मिळाला नाही.

आता याच्या उलट उदाहरण. हे मला अतोनात प्रिय आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. फायनल फँटसी ५ (१९९२). आपल्या चमूतला म्हातारा गालूफ खलनायक एक्सडेथशी एकटा लढतो. त्याचे एचपी, म्हणजे जिवाचे गुण, शून्यावर येतात आणि तरी तो पडत नाही. पुन्हा फटका बसतो, आकडा शून्यच, म्हातारा उभाच. गेमने इतक्या तासांत शिकवलेला सगळ्यात पक्का नियम हा, की शून्य म्हणजे खेळ संपला. तो नियम इथे मोडतो, पण मोडतो ते आपल्या डोळ्यांसमोर, लढाईच्याच पडद्यावर, आणि त्याची किंमत गालूफ मोजतो. लढाई संपल्यावर साथीदार त्याच्यावर जादू करून बघतात, फिनिक्स डाउन ही पडलेल्याला उठवणारी वस्तू वापरून बघतात. कशाचाच उपयोग होत नाही. खेळणाऱ्याच्या मनात जो प्रश्न येणार तो पात्रांच्याही मनात येतो, ते त्याचं उत्तर शोधून बघतात आणि हरतात. त्यानंतर गालूफने कमावलेली सगळी ताकद त्याच्या नातीकडे, क्रीलकडे जाते. मेन्यू उघडल्यावर त्याच्या जागी ती दिसते, त्याने शिकलेलं सगळं तिला येत असतं. वारसा हा शब्द कुणी उच्चारत नाही, पण तो मेन्यूत दिसतो.

म्हणूनच फायनल फँटसी ७ मध्ये मारल्या जाणाऱ्या एरिथ या साथीदाराच्या बाबतीत 'फिनिक्स डाउन का नाही वापरलं' हा जुना प्रश्न मला फारसा टोचत नाही. त्या गेममधला (१९९७) तो प्रसंग अजूनही उभा आहे. तिला मारणारी खलनायक सेफिरॉथची तलवार, पायऱ्यांवरून टप्पे खात जाणारं तिचं मटेरिया (जादूचा गोळा), मग जेनोव्हा या राक्षसाशी लढाई. त्या लढाईला नेहमीचं बॉसचं संगीत नाही, नोबुओ उएमात्सुंनी रचलेली एरिथची धूनच चालू राहते. आपण बटणं दाबतोय, हल्ले निवडतोय आणि कानावर ते सूर पडतायत. कथा आणि खेळ तिथे एकमेकांना सोडत नाहीत.

माझी तक्रार त्यानंतरची आहे. थोड्याच वेळात आपण आइसिकल इन गावात पोचतो. तिथे जुन्या चित्रफिती सापडतात: एरिथचे आईवडील, तान्ही एरिथ आणि होजो या क्रूर शास्त्रज्ञाने त्या कुटुंबाची केलेली वाताहत. जखमेवरची खपलीसुद्धा धरलेली नसताना हे बघायचं, आणि गाव सोडताना नायक क्लाउड स्नोबोर्डवर चढतो! आनंदी संगीत, वळणं, उड्या, मिनीगेम. मिनीगेमशी माझं वैर नाही, त्या गेममध्ये ते सगळीकडे आहेत. पण शोक करायला वेळ लागतो, आणि गेमला तो वेळ देता येतो. नुसतं चालत जाऊ द्यायचं. बर्फात, मुकाट.

झेनोब्लेड क्रॉनिकल्स २ (२०१७) बद्दल एवढंच म्हणेन की बॉसला (टप्प्याच्या शेवटच्या बड्या शत्रूला) पार चिरडल्यावर कटसीनमध्ये आपली माणसं गुडघ्यावर येऊन धापा टाकताना इतक्यांदा दाखवली आहेत, की पुढे पुढे जिंकायची इच्छाच उरत नाही. हरवायचंच असेल तर लढाईत हरवा. क्रोनो ट्रिगर (१९९५) मध्ये समुद्रतळाच्या महालात लाव्होस हा महाराक्षस समोर येतो तेव्हा तो आपल्याला खरोखरच्या लढाईत भुईसपाट करतो, आणि मगच नायक क्रोनो एकटा उठून उभा राहतो. तिथे मला कुणी फसवलं असं वाटत नाही.

खोटी मरणं हाही शब्द फिरवण्याचाच प्रकार. फायनल फँटसी ४ (१९९१) मध्ये पालोम आणि पोरोम ही जुळी भावंडं सरकत येणाऱ्या भिंती थोपवायला स्वतःला दगड करून घेतात. टेला हा म्हातारा जादूगार त्यांना जादूने परत आणायला जातो, पण त्यांनी ते स्वेच्छेने केलेलं असल्यामुळे जादू चालत नाही. केवढी ताकद आहे त्या क्षणात! पुढे ती दोघं परत येतात. असंच बलिदान दिलेला यांग हा साथीदारही परत येतो. स्फोटात उडी घेतलेला सिडही परत येतो. टेला तेवढा जातो तो कायमचा. मी त्या गेमवर प्रेम करते, पण तिसरं बलिदान येईपर्यंत मन आपोआप सावध होतं आणि रडणं पुढे ढकलतं.

'मुलगा पळवलाय आणि आई वस्त्या बांधत बसलीये' ही तक्रार फॉलआउट ४ (२०१५) बद्दल सगळेच करतात. खरी आहे, पण माझ्या दृष्टीने गुन्हा लहान, कारण तिथे निदान वाट सोडायचं आपण ठरवतो. द विचर ३ (२०१५) मध्ये लेकीसारख्या सिरीला शोधायचं सोडून राक्षसांचा शिकारी गेराल्ट राक्षस मारत फिरतो ते चालून जातं, कारण ते त्याचं पोट आहे आणि प्रवासाला पैसे लागतातच. सायबरपंक २०७७ (२०२०) मध्ये मात्र व्ही हा नायक मरणाच्या दारात आहे, रक्त ओकतोय, आणि फोनवर गाड्या विकायचे मेसेज येतायत. निकड खरी असेल तर ती नियमात दिसायला हवी. पहिल्या फॉलआउटने (१९९७) पाण्याची चिप आणायला १५० दिवस दिले होते आणि ते खरोखर मोजले. लोकांना तो जाच वाटला. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

सगळ्यात जास्त दुखलं ते पर्सोना ५ मध्ये. पहिला अध्याय एका शिक्षकाबद्दल आहे. तो विद्यार्थ्यांना मारतो, ॲन या विद्यार्थिनीच्या (पुढे आपल्या साथीदाराच्या) मागे लागतो, तिच्या मैत्रिणीवर अशी वेळ आणतो की ती शाळेच्या गच्चीवरून उडी मारते. हे सगळं इतक्या गांभीर्याने लिहिलंय की ॲनच्या आत शक्ती जागी होते तेव्हा अंगावर काटा येतो. तिचं 'नाही' म्हणणं हाच त्या अध्यायाचा कणा आहे. आणि लगेच पुढच्या अध्यायात युसुके हा चित्रकार मुलगा तिला नग्न चित्रासाठी बसायला सांगतो, तिचेच मित्र काम साधायचंय म्हणून तिला पुढे करतात, ती अंगावर कपड्यांचे थरावर थर चढवून जाते आणि गेमची अपेक्षा असते की आपण हसावं. मला ती मुलगी माहीत होती. काही तासांपूर्वी याच गेमने ती माझ्या ओळखीची केली होती. लेखकांना तिचा विसर पडला, मला नाही पडला.

आकड्यांचं दुखणं निराळं. ड्रॅगन एज: ओरिजिन्स (२००९) मध्ये कुणी आपलं बालपण उघडं करून सांगतं आणि पडद्यावर पसंतीचे चार गुण वाढल्याची पाटी येते, बँकेच्या मेसेजसारखी. त्या पाटीनंतर मी माणसाशी बोलत नाही, हिशोब करते. त्याच गेममध्ये लोगेन या शत्रूला जीवदान देऊन सोबत घेतलं की साथीदार ॲलिस्टर पार्टी (आपला चमू) सोडून निघून जातो. तिथे कुठलाही आकडा मनधरणी करायला येत नाही, म्हणून ते लागतं.

आणि एका प्रसंगाची बाजू मला घ्यायचीच आहे. फायनल फँटसी १० (२००१) मधलं नायक टीडस आणि त्याची सोबतीण यूना यांचं ते खोटं, कर्कश हसणं. तोडून काढलेली क्लिप फिरते, वाईट अभिनयाचा नमुना म्हणून लोक पाठवतात. पूर्ण प्रसंग बघा. यूनाला आपला प्रवास हसत करायचा आहे, म्हणून दोघं मुद्दाम, ओढूनताणून हसतात, आजूबाजूचे साथीदार काळजीने बघत राहतात. बऱ्याच नंतर टीडसला कळतं की हा प्रवास यूनाच्या मरणाशी संपणार आहे, आणि ते त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. मग ते हसणं आठवतं. मरायला निघालेली मुलगी हसायचा सराव करत होती! तिथे काहीही मोडलेलं नाही. ते ऐकायला कसंतरी होतं ना, तसंच व्हायला हवं.

फायनल फँटसी ७ च्या तीन भागांतल्या नव्या आवृत्तीच्या दुसऱ्या भागाने, रीबर्थने (२०२४), एरिथचा प्रसंग पुन्हा मांडला तेव्हा मी फार आशेने बसले होते. क्लाउड तलवार अडवतो, ती वाचल्यासारखी दिसते, मग चित्र लुकलुकतं आणि ती रक्तात पडलेली असते. त्यानंतर एकामागून एक लढाया, आणि त्यांतल्या शेवटच्या टप्प्यात एरिथ क्लाउडच्या खांद्याला खांदा लावून लढते. काही मिनिटांपूर्वी गेलेली व्यक्ती पार्टीत! क्लाउडचं मन ते मरण स्वीकारत नाही हे मला कळतं, कल्पना धाडसीही आहे. पण ती आहे की गेली हेच सोडवत बसल्यावर शोक कधी करायचा? मूळ गेममध्ये क्लाउड तिला पाण्यात सोडतो, तो निरोपसुद्धा इथे दाखवलेला नाही. तिसऱ्या भागाकडून माझी मागणी साधी आहे. तो निरोप दाखवा, कुठलंही दुसरं जग मध्ये न आणता. आणि स्नोबोर्ड ठेवणारच असाल तर तो त्या चित्रफितींच्या गावातून हलवा, कथेत बराच पुढे न्या.