केळी वेफर्सचा भाव शेजाऱ्याकडे बघून ठरवू नका

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, सावदा, फैजपूर, यावल या केळीच्या पट्ट्यात वेफर्सची नवी भट्टी लागली की गावाला कळतं. बंद पडली की फक्त तेलवाल्याला आणि बँकेला कळतं. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: ‘माल खपत नाही हो.’ मला हे पटत नाही. आषाढीपासून महाशिवरात्रीपर्यंत आपल्याकडे उपवास काय कमी आहेत? माल खपतो, पण खपलेल्या प्रत्येक किलोमागे घरचे पैसे जात असतात आणि ते वर्षभर कळत नाही.

भाव कसा काढतात ते बघा. केळी, तेल, गॅस. तिघांची बेरीज केली, वर थोडं ठेवलं, शेजारचा काय भावाने देतो ते पाहिलं आणि त्याच्यापेक्षा 5 रुपये कमी लावले. झाला भाव.

आता नीट मांडू. 100 किलो कच्ची केळी सोलली की 35 ते 40 किलो साल जाते. उरलेल्या गरात साधारण 70 टक्के पाणी, ते कढईत उडतं. त्या बदल्यात काप तेल पितात. शेवटी हातात 25 ते 27 किलो वेफर्स येतात. म्हणजे 1 किलो वेफर्सला 4 किलो केळी धरा, आणि तेल 300 ग्रॅम अंगात मुरलेलं, 30 ग्रॅम गाळात आणि फेकण्यात गेलेलं.

समजा केळी 12 रुपये किलो, तेल 140 रुपये किलो. केळीचे 48, तेलाचे 46, गॅसचे 20, झाले 114. इथेच बहुतेकांची वही बंद होते. 170 ने माल दिला की किलोला 56 रुपये सुटले असं वाटतं. पण दिवसाला 60 किलो माल काढायला सोलायला-कापायला चार बाया आणि भट्टीवर एक माणूस लागतो. सगळ्यांची मिळून मजुरी 2,100 धरली तर किलोवर 35 पडते. मीठ-मसाला 5. पाकिटं आणि खोके 14. वीज, भाडं, गाडी, कर्जाचा हप्ता मिळून 15. इथवर 183. चुरा, फुटलेली पाकिटं आणि दुकानदाराने परत दिलेला माल यांचे 5 टाका, 188 होतात. म्हणजे 170 ने दिलेल्या प्रत्येक किलोवर 18 रुपये गेले, दिवसाला 1,080. आणि यात तुमची स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही. आकडे तुमच्या गावचे टाका. रकाने मात्र यातला एकही गाळू नका.

‘घरचीच केळी आहे, तिला काय भाव लावायचा?’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. त्या दिवशी रावेर किंवा बऱ्हाणपूरच्या बोर्डाला, म्हणजे केळीचा रोजचा भाव जाहीर होतो तिथे, जो भाव निघाला असेल तोच लावायचा. मळ्यातला घड भट्टीला आला म्हणजे व्यापाऱ्याला गेला नाही, तेवढे पैसे बुडालेच. ज्या दिवशी हिरवी केळी विकून जास्त सुटतात, त्या दिवशी ती तळून उपयोग काय?

बोर्डाचा भाव किलोला 1 रुपया चढला की वेफर्सचा खर्च 4 रुपये चढतो. 12 ची केळी 20 वर गेली तर किलोमागे 32 रुपये वाढले. दुकानदार एवढी वाढ एकदम घेणार नाही. मग काहीजण 200 ग्रॅम छापलेल्या पाकिटात 180 ग्रॅम भरतात. तो सरळ वजनमापाचा गुन्हा आहे. त्यापेक्षा भाव पडलेला असताना दुकानदाराला सांगून ठेवा की बोर्ड अमुकच्या वर गेला की दर बदलेल. चढ्या महिन्यात उत्पादन निम्म्यावर आणा. पूर्ण बंद करू नका, रिकाम्या झालेल्या जागेवर दुसऱ्याचं पाकीट येऊन बसतं.

स्वस्त पडते म्हणून वापसीची, म्हणजे मागे उरलेली कमी प्रतीची, केळी भरतात. चालते, पण निवडून. बारीक केळीत सालीचं प्रमाण जास्त आणि सोलायला वेळही जास्त. रंग फिरायला लागलेल्या केळीत साखर वाढलेली असते, ती कढईत तांबूस-काळी होते, काप मऊ पडतात आणि तेलही जास्त ओढतात. 3 रुपयांनी स्वस्त घेतलेली केळी 4 किलोऐवजी 5 किलो लागली की 9 च्या भावाने 45 रुपये. वाचले 3.

कढई मोठी घेण्याची हौस हा आणखी एक खड्डा. 60 किलो वेफर्स दिवसाला साधारण 18 किलो तेल पितात. 100 लिटरच्या कढईत सुमारे 91 किलो तेल बसतं, म्हणजे ते सगळं बदलायला 5 दिवस लागणार. तोवर तेच तेल तापतंय, काळं पडतंय, फेस धरतंय, आणि पाकीट महिन्याभरात खवट वास मारतंय. 40 लिटरच्या कढईत तेच तेल 2 दिवसांत फिरतं. रोज काम संपलं की तेल गाळायचं, कारण तळाशी जळलेला चुराच पहिल्यांदा तेल खराब करतो. ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापून त्यात तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेलेलं तेल कायद्याने वापरता येत नाही. ते मोजायचं यंत्र मिळतं. महाग वाटत असेल तर चार भट्टीवाल्यांनी मिळून घ्यावं. आणि पाकिटावर ‘शेंगदाणा तेल’ छापून आत पाम तेल वापरू नका. उपवासाचं गिऱ्हाईक तेल वाचून घेतं.

आता उधारी. केळीवाल्याला रोख, तेलवाल्याला रोख, बायांना शनिवारी पगार. दुकानदार मात्र ‘पुढच्या खेपेला’ देणार. महिन्याला 1,500 किलो माल म्हणजे 188 ने 2,82,000 रुपये. 45 दिवस उधारी दिली तर सव्वाचार लाखांच्या आसपास पैसा कायम बाजारात अडकतो. बहुतेकजण कर्ज काढतात ते यंत्रासाठी, या पैशाची तरतूदच नसते. बिल टू बिल ठेवा: मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय नवा माल उतरवायचा नाही. प्रत्येक बिलावर तारीख आणि दुकानदाराची सही हवी. उधारीचा दावा साधारण 3 वर्षांत करावा लागतो. त्या मुदतीत लेखी कबुली किंवा सहीनिशी थोडी रक्कम मिळाली तर मुदत नव्याने मोजतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे, ती करून ठेवा. अशा नोंदणीवाल्याकडून माल घेतला आणि लेखी करार नसेल तर घेणाऱ्याने 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, असा 2006 चा कायदा आहे. टपरीवाल्याला तो दाखवून उपयोग नाही, मोठ्या खरेदीदाराला दाखवा.

रावेरवाल्यांसाठी खास: बऱ्हाणपूर जवळ असलं तरी ते मध्य प्रदेश आहे. मालाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही हे खरं, पण ते राज्यात विकता तोवर. सीमेपलीकडे एक खोका विकायचा तरी नोंदणी हवी. कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असाल तर बाहेर विकताच येत नाही. नवापूरहून गुजरातेत आणि शिरपूरहून सेंधव्याला माल देणाऱ्यांनाही हेच लागू.

शेवटचं अनुदानाबद्दल. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून जळगावचं उत्पादन केळी ठरलं आणि प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, हा आकडा सगळ्यांना पाठ झाला. पण ती रक्कम हातात येत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात राहते आणि कर्ज 3 वर्षं नियमित राहिलं तरच त्यात वळती होते. त्यामुळे हप्त्याचा हिशेब अनुदान वजा करून मांडू नका, पूर्ण कर्जावर मांडा. तेवढा हप्ता वरच्या 188 मध्ये बसत नसेल तर यंत्र लहान घ्या.