डेंगळ्यांना फूल येण्याआधी

आमच्या कसमादे पट्ट्यात (नाशिकच्या कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागात) कांद्याच्या डेंगळ्यांना, म्हणजे बियाण्यासाठी धरलेल्या फुलदांड्यांना, गोंडे धरलेत. आठ-दहा दिवसांत पांढरं फूल उमलेल. त्याआधी मधमाशी आणि फवारणीबद्दल हे लिहायचं होतं, फूल आल्यावर लिहून उपयोग नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या 20 गुंठे डेंगळ्यांचं बी दीड क्विंटल तरी निघेल असं धरलं होतं. निघालं 55 किलो. गोंडे दिसायला भरलेले, पण चोळून उफणायला घेतले तर निम्म्याहून जास्त वाऱ्यावर गेलं. सगळं पोचट. वडील म्हणाले, यंदा हवा ढगाळ होती. मीही विचारेल त्याला तेच सांगत राहिलो. खरं कारण मला माहीत होतं. फूल ऐन भरात असताना फुलकिडे दिसले म्हणून मी सकाळी नऊ वाजता फिप्रोनिल या कीटकनाशकाचा पंप पाठीवर घेतला होता. दुपारी विहिरीजवळच्या बाभळीखाली फुलोरी माशांचा, म्हणजे लहान रानटी मधमाशांचा, सडा पडलेला. काही अजून जिवंत होत्या, उताण्या पडून पाय झाडत जागच्या जागी गोल फिरत होत्या. पुढचे कित्येक दिवस आमच्या रानात गुणगुण ऐकू आली नाही. हे मी आजवर वडिलांनाही सांगितलेलं नाही. आज इथे सांगतोय.

ज्यांनी कांदा फक्त बाजारात पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कांद्याचं बी, आमच्याकडे त्याला उळं म्हणतात, वर्षभरात उगवणशक्ती गमावतं. म्हणून दरवर्षी नवं बी लागतं, आणि त्यासाठी निवडक कांदे पुन्हा मातीत लावून डेंगळे धरावे लागतात. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. फुलातला पराग आधी झडतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी तयार होतो. स्वतःचा पराग त्या फुलाच्या कामीच येत नाही, दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यावा लागतो. वाऱ्याच्या भरवशावर हे होत नाही. त्यातून कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, माशीला तो फारसा रुचत नाही. जवळपास मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असली की ती तिकडे वळते. मुळात आपल्याकडे नाइलाजाने येणारी ही पाहुणी, आणि आपण तिच्यावर औषध मारतो.

माशी नाही म्हणून काही ठिकाणी बायका मजुरीवर लावून हाताला मलमलचं फडकं गुंडाळून गोंडे गोंजारून घेतात. मीही एक वर्ष करून पाहिलं. चार बायका, तीन सकाळी, 20 गुंठ्यांतल्या निम्म्या रांगासुद्धा धड झाल्या नाहीत. हजारो गोंड्यांवर रोज नवी फुलं उमलत असतात, माणसाचा हात कुठे कुठे पुरणार?

मग सल्ला मिळतो की मधमाशांच्या पेट्या आणा. गेल्या वर्षी भाड्याने बोलावल्या. पेट्या घेऊन आलेल्या मधपाळाने टेम्पोतून उतरायच्या आधीच विचारलं, “दादा, शेजारी काय लावलंय, आणि ते फवारतात कधी?” मला सांगता आलं नाही. त्याच्या 30 पेट्या आदल्या हंगामात एका सकाळीत गेल्या होत्या. त्याने पेट्या खाली उतरवल्याच नाहीत, आणि त्याचं बरोबर होतं. पेटीचं दार आदल्या संध्याकाळी बंद तरी करता येतं. बाभळीवरच्या फुलोरीचं आणि पाण्याच्या टाकीखालच्या आग्या माशीचं दार कोण बंद करणार? आमच्या डेंगळ्यांवर तर जास्त दिसतात त्या याच.

एका गोष्टीचा मला खरंच राग येतो. प्रमाणित कांदा बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या जातीच्या डेंगळ्यांपासून 500 मीटर लांब हवा, पायाभूत (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात त्या) बियाण्याचा 1000 मीटर. बियाणं भेसळू नये म्हणून हा नियम आहे. म्हणजे माशी बांध ओलांडून जाते हे कागदावर मान्य आहे. मग फुलोऱ्यात शेजाऱ्याने केव्हा काय फवारावं, याला एका मीटरचाही नियम का नाही?

राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध मिशनला 500 कोटी जाहीर झाले. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव झालं, तिथल्या लोकांचं मला मनापासून कौतुक आहे. पण सगळा हिशोब मधाच्या किलोत होतो. आमच्याकडे मध निघाला नाही तरी चालेल, माशी जगली पाहिजे. आमच्याकडच्या माशीची कमाई उळ्यात आहे, डाळिंबाच्या फळधारणेत आहे, आणि ती कुणाच्याच वहीत मांडली जात नाही. म्हणून ती मेली तर नुकसानही कुणाचं झालेलं नसतं.

अडचणी मला माहीत आहेत. फुलकिडे खोटे नाहीत, त्यांच्यामुळेही बियाणं घटतं. फवारणीचा माणूस सकाळीच मिळतो. संध्याकाळी रानात सापाची भीती, आणि थ्री फेज लाइट कधी येईल त्याचा नेम नाही. तरी फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडा उमलायच्या आत करता येतो. फुलोऱ्यात मारावंच लागलं तर दिवस मावळल्यावर, माशा घरी गेल्यावर. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक सगळं एकाच पंपात ओतायची सवय तर आजच सोडता येईल. बांधावरचं तण तणनाशकाने जाळू नका, डेंगळ्यांचं फूल संपल्यावर माशीला तेवढंच उरतं. पूर्वी शाळूत करडईच्या काकऱ्या असायच्या, बांधाला तीळ, जवस. आता नजर जाईल तिथवर कांदा.

पण एकट्याने संध्याकाळी फवारून भागत नाही. माझी वेळ मी पाळली आणि पलीकडच्या बांधावर सकाळी पंप चालला, तर माशी तिथे मरणारच. मोसम, आरम नद्यांवर आपल्या वाडवडिलांनी फड, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक पाण्यावरची शेती, चालवले. बंधाऱ्याचं पाणी एकट्याचं नाही हे मानून कोणत्या फडात कोणतं पीक ते मिळून ठरवायचे, आणि पाटकरी पाळीने सगळ्यांना पाणी पाजायचा. ज्यांना पाण्याच्या पाळ्या ठरवता आल्या, त्यांच्या नातवंडांना फवारणीची वेळ ठरवता येऊ नये?

आमच्या शिवारात यंदा डेंगळे लावलेले आम्ही नऊ जण आहोत. उद्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसणार आहोत. सहा जणांनी येतो म्हटलंय. उरलेल्या दोघांच्या घरी मी आज रात्री जातोय, वडिलांना सोबत घेऊन.