रील, धिंड आणि तुमचा राग

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन आठ दिवस झाले. तिथंच खाली उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते वाढत गेलं म्हणून इथं वेगळं टाकतोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या लेखात मी वर्दीतल्या रीलबहाद्दरांवर लिहिलं होतं. त्यावर 'एका हवालदाराची बायको' एवढीच सही करून तुम्ही मला धुतलंत. तुमचं म्हणणं असं: वर्दीत दोन ठेके धरले म्हणून पोलीस बेशिस्त ठरत नाही. गुंडांची धिंड काढून व्हिडिओ टाकला की लोक खूश होतात, विश्वास वाढतो. ग्रुपवरची चेष्टामस्करी ही घरातली गोष्ट, ती चव्हाट्यावर आणायची नसते. आणि शेवटी, "पुराच्या पाण्यात उतरायला पोलीस पाहिजे, तो गाण्यावर नाचला की मात्र तुमच्या पोटात दुखतं."

शेवटचं वाक्य लागलं. 2019 च्या ऑगस्टात सांगलीवाडीतल्या माझ्या आत्याला बोटीत बसवलं ते एका पोलिसानंच. तीन दिवस तो माणूस घरी गेलेला नव्हता. हे मला माहीत असूनही लेखात पोलिसांच्या ड्युटीबद्दल एक ओळ नव्हती, ही माझी चूक.

दुसरीही चूक मान्य करतो. एका महिला पोलिसाच्या रीलची मी टिंगल केली होती. नंतर एका वाचकानं दाखवून दिलं की त्या साध्या कपड्यात होत्या, स्वतःच्या घरात होत्या. मी नीट न बघताच लिहिलं. तो परिच्छेद काढून टाकलाय. त्या बाईंचं नाचणं हा माझा विषयच नव्हता, पण हशा मिळतोय म्हटल्यावर मीही घसरलो.

वर्दीतल्या नाचाबद्दल मात्र तुमच्या मिस्टरांना सांगा की तो प्रश्न आता माझ्या-तुमच्या आवडीचा राहिलेला नाही. 2025 च्या जुलैत राज्य सरकारनं सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी निर्णय काढलाय. प्रोफाइलचा फोटो सोडला तर वैयक्तिक खात्यावरच्या रीलमध्ये, व्हिडिओत गणवेश नको, सरकारी गाडी नको, इमारत नको. मला विचाराल तर ठाण्याच्या आवारात ठेका धरणाऱ्या शिपायाला समज देऊन सोडावं. एवढंच.

आता धिंडीकडे येतो, कारण आपलं खरं भांडण तिथं आहे.

मी बावीस वर्षं वकिलाकडे कारकून आहे. आरोपी आणि फिर्यादी, दोघांच्याही चपला आमच्या ऑफिसबाहेर निघतात, फक्त तारखा वेगळ्या. त्यामुळं धिंडीचा व्हिडिओ आला की लोक बघतात ते मलाही दिसतं आणि पुढं कोर्टात काय होणार तेही दिसतं. चौकात चार-पाच पोरं, एक लंगडतोय, हात जोडलेले, "परत असं करणार नाही साहेब", मागं सिनेमातलं ढणढण संगीत, खाली आगीच्या ज्वाळा आणि टाळ्या.

पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते 23 झालं. म्हणजे हात जोडायला लावून घेतलेली ती माफी कोर्टात कवडीच्या किमतीची. नुकसान मात्र खरं होतं. ओळख परेड तुमच्या घरात नवी नसणार. सारख्या चणीच्या माणसांत आरोपीला उभं करतात आणि साक्षीदारानं त्याला ओळखायचं असतं. तोवर चेहरा दिसू नये म्हणून तर त्याच्या तोंडावर कापड टाकून आणतात. आणि इकडं त्याच आरोपीचा चेहरा आदल्या दिवशीच जिल्ह्यातल्या मोबाईलवर फिरलेला असतो. उलटतपासणीत बचावाचा वकील फार काही करत नाही. "व्हिडिओ बघितला होता का?" एवढंच विचारतो. साक्षीदार हो म्हणाला की परेडीतला जीव गेला. तपासात ज्या हवालदारानं रात्रीचा दिवस केला त्याच्याच कष्टावर पाणी पडतं, आणि रील टाकणारा तोवर पुढच्या रीलला लागलेला असतो.

लंगडणाऱ्या आरोपीला बघून लोक हसतात. मी सांगलीचा आहे, मला हसू येत नाही. 2017 च्या नोव्हेंबरात आपल्याच शहरात कोठडीतल्या तरुणाचा मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला गेला आणि पोलीसच आरोपी झाले. त्यानंतरचे दिवस तुम्हीही बघितलेत.

एक घरगुती गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा भरतीची तयारी करायचा. पहाटे ग्राउंडवर 1600 मीटर, मग गोळाफेक, दिवसभर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. एका भांडणात जी पोरं उचलली त्यांत हाही होता. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. मी लाइकचा अंगठा देऊन मोकळा झालो आणि दुसऱ्यांदा बघताना तिसऱ्या नंबरचा चेहरा ओळखला. पुढं दोषारोपपत्रात त्याचं नाव आलं नाही. कोणत्या ठाण्याचं हे ते लिहीत नाही, त्यातल्या एकदोघांनी मला पुढं मदत केली आहे. पण व्हिडिओ कुणी काढला नाही. काढायचा अर्ज कुणाला करायचा हे विचारायला पोरगा माझ्याकडे आला होता, आणि बावीस वर्षं अर्ज लिहिणाऱ्या मला ते धड सांगता आलं नाही. त्यानं भरतीचा फॉर्म भरला नाही. तुम्ही म्हणता तो वाढलेला विश्वास त्या घरात जाऊन बघा.

13 सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितलं होतं की पोलिसांनी माध्यमांना काय सांगावं याची नियमावली तीन महिन्यांत करा. तो सगळा विचार पत्रकार परिषदेचा. आता शिपायाच्या खिशातच चॅनल आहे.

आणि त्या खिशातल्या फोनबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, आणि कायद्यातच लिहिलंय, शक्यतो मोबाईल फोननं. त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. म्हणजे पंचनाम्याला आलेला पोलीस कुणाच्या तरी कपाटासमोर, देव्हाऱ्यासमोर फोन धरून उभा राहणार, आणि घरातल्या बाईनं विश्वास ठेवायचा की हे कोर्टात जाईल, दुसरीकडे कुठं नाही. त्याच फोनवर इन्स्टाग्राम आहे हे तिला माहीत असतं. पंच तयार होत नाहीत अशी पोलिसांची जुनी तक्रार आहे. आता तर नकार द्यायला त्यांना आणखी एक कारण मिळालं.

ग्रुपवरची मस्करी घरातली, असं तुम्ही म्हणता. लंडनमध्येही तसंच म्हणत होते. 2020 च्या जूनमध्ये तिथल्या एका पार्कात दोन बहिणींचा खून झाला. जागेवर पहाऱ्याला ठेवलेल्या दोन शिपायांनी मृतदेहांचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवले. त्या पोरींना घाणेरडी नावं ठेवली. डिसेंबर 2021 मध्ये दोघांना प्रत्येकी दोन वर्षं नऊ महिन्यांची शिक्षा झाली. पहारा देणाऱ्यावर आईबापांनी आणखी एक पहारा ठेवायचा का? आपल्याकडे लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड केली तर भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, मग ग्रुप 'आपल्यातला' असो की कुणाचा. फिर्यादीची झेरॉक्स कुठल्या ग्रुपवरून कुठं जाते हे कोर्टात बसणाऱ्या आम्हाला कळतं, ताई. बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीआधीच.

सप्टेंबर 2023 मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला आक्षेपार्ह पोस्टवरून दंगल पेटली, एकाचा जीव गेला. गृहमंत्री असताना आर. आर. आबांनी 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम आणली तेव्हा तंटा बांधावरून आणि गटारीवरून व्हायचा. आता तो स्टेटसवरून होतो आणि सणाच्या आधी पोरांना नोटिसा जातात. बरोबरच आहे. पण नोटीस देणाऱ्याच्याच स्टेटसवर सकाळी एखाद्या जातीची किंवा धर्माची टर उडवणारा फॉरवर्ड असेल, तर नोटीस घेणारं पोरगं तो आधी बघून आलेलं असतं. मी अशी पोरं बघितली आहेत. ती वाद घालत नाहीत, सही करतात आणि बाहेर येऊन हसतात.

एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे, आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंत म्हणून वाईट वाटलं. बाराबारा तास ड्युटी, गळकी क्वार्टर, मंजूर होऊन रद्द झालेली रजा, हे पोलिसानं बोलायचं कुठं? 1966 च्या कायद्यानं त्याच्या संघटनेवर आणि वर्तमानपत्रात बोलण्यावर बंधनं घातली. सीमा सुरक्षा दलाच्या तेज बहादूर यादव यांनी 2017 च्या जानेवारीत पातळ डाळीचा व्हिडिओ टाकला, एप्रिलमध्ये नोकरी गेली. राज्य सरकारच्या 2025 च्या जुलैतल्या त्या निर्णयातही सरकारच्या धोरणावर टीका नको असं आहेच. धिंडीच्या व्हिडिओला शाबासकी आणि गळक्या छताच्या व्हिडिओला नोटीस, असं होणार असेल तर तुमच्या मिस्टरांनी कोणता व्हिडिओ काढायचा ते ठरलेलंच आहे. पुढचा लेख ह्यावर लिहीन. तुम्ही नाव न देता काही कळवलंत तर वापरीन, नाहीतर नाही.

तुम्ही विचारलंत, "पोलिसाबद्दल तुम्हाला कधी चांगलं वाटलंय का?" गेल्या वर्षी मावसबहिणीला घेऊन ठाण्यात गेलो होतो. नवऱ्याविरुद्ध तक्रार होती. फाटकाशी ती थांबली आणि मला म्हणाली, "आत फोटो काढतात का रे?" मी नाही म्हटलं, पण मला खात्री नव्हती. आत टेबलावर एक महिला हवालदार होत्या. जबाब घ्यायच्या आधी त्यांनी स्वतःचा मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावून घेतला. पाऊण तास जबाब चालला. फोन दोनदा आत घरघरला, त्यांनी बघितलं नाही. परत येताना बहीण स्टँडपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या बाईंच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव मी वाचून ठेवलंय, पुढच्या वेळी त्यांनाच विचारू.