शिकलगारांची कानस आणि तंबोऱ्याची जवारी

सप्रेम नमस्कार,

मिरजेच्या शिकलगार घराण्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. या घराण्यातले फरीदसाहेब मूळचे हत्यारांना धार लावणारे, त्यांनी केली ती केवळ वाद्यांची दुरुस्ती, त्यामुळे त्यांना ‘निर्माते’ म्हणणे ही अतिशयोक्ती आहे, हा पहिला. आणि मिरजेच्या तंबोऱ्याचे खरे श्रेय संस्थानिकांचे व गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे आहे, हा दुसरा.

राजाश्रयाची बाब मला पूर्णपणे मान्य आहे. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी गवयांना आसरा दिला नसता, तर त्या गावात वाद्ये दुरुस्तीला आलीच नसती, आणि पेशवाई बुडाल्यावर तलवारींचे काम आटलेल्या शिकलगारांपुढे हा नवा उद्योग उभा राहिला नसता. खाँसाहेबांच्या बाबतीत मात्र काळाचा मेळ बसत नाही. त्यांचा जन्म १८७२ चा, आणि शिकलगारांनी वाद्याला हात घातला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. खाँसाहेबांनी मिरजेला कीर्ती दिली, हे खरेच. पण ते आले तेव्हा तंबोरा तिथे आधीच घडत होता.

आता दुरुस्तीविषयी. पंढरपूर परिसरातून येणारा वाळका भोपळा कापून भिजवायचा, आतून काड्यांचा ताण देऊन त्याला आकार आणायचा, त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि भोपळ्याचे तोंड झाकणारी तबली चढवायची, ही सगळी मेहनत मोठीच आहे. तरीही तंबोऱ्याचा आवाज ठरतो तो घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, आणि तिची पाठ घासून साधलेल्या जवारीत. काही वर्षांपूर्वी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका वयस्कर कारागिरांना जवारी काढताना मी जवळून पाहिले. त्यांनी तार उतरवली, घोडीच्या किंचित उताराच्या पाठीवर कानस दोनदाच फिरवली, तार पुन्हा चढवली, खाली सूत सरकवले आणि डोळे मिटून ऐकले. समाधान झाले नाही. पुन्हा तार उतरवली. असे सात-आठ वेळा झाल्यावर त्या एका तारेतून गंधार असा उमलला की मी बोलायचाच थांबलो. कानस कणभर जास्त फिरली असती, तर तार मुकी झाली असती.

हे पाहिल्यापासून माझे मत पक्के झाले आहे. पृष्ठभाग किती घासायचा आणि नेमके कुठे थांबायचे, ही जाण पात्याला धार देणाऱ्या हातातच पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असते. जे आपल्याला उणे वाटते, तेच या घराण्याचे भांडवल होते, असे मला वाटते. शिवाय दुरुस्तीसाठी वाद्य उघडणाऱ्याला त्याच्या आतली जी ओळख होते, ती बाहेरून पाहून कोणाला होणार? त्या घराण्यातील कित्येकांचे आडनावच पुढे ‘सतारमेकर’ झाले. गावाने ते उगीच दिले नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मानांकन गावाच्या नावाने असते आणि त्यात हात दिसत नाहीत, म्हणून मी घराण्याच्या नावाबद्दल इतका आग्रही आहे.

‘कोणाच्याही आधाराविना’ असे जे मी मूळ लेखात लिहिले होते, ते चुकीचे होते. आपल्या सूचनेनुसार ते शब्द आज काढून तिथे पटवर्धन संस्थानिकांचा उल्लेख केला आहे. ‘निर्माते’ हा शब्द मात्र तसाच ठेवला आहे.